दोन्हीकडून ‘नाही’ आल्यावर

नोकरीसाठी ‘नाही’ ऐकल्यावर माणसानं काय करायचं? त्या उन्हाळ्यात हा प्रश्न मला भेटेल त्यानं विचारला आणि उत्तरही ज्याचं त्यानंच देऊन टाकलं. बसस्टँडवरचे चहावाले चाचा म्हणाले, “हैदराबाद जाओ मियाँ, इधर क्या रक्खा है.” शेजारची अक्का म्हणाली, लगीन कर, बायकूच्या पायगुणानं लागंल. आमच्या वस्तीतला एक जण पुण्याला इमारतीवर कामाला होता. तो सुट्टीवर आला आणि म्हणाला, “बीए झालास ते कुणाला सांगू नकोस, मग काम भेटतंय.” सल्ला द्यायला पैसे पडत नाहीत आणि ज्याला नोकरी नाही त्याच्यावर हात साफ करायला सगळ्यांनाच आवडतं. मी ऐकून घेत होतो. खरं म्हणजे ऐकूनही घेत नव्हतो. माझ्या डोक्यात एकच वाक्य फिरत होतं: इकडचे नाही म्हणाले, तिकडचेही नाही म्हणाले, आता आणखी कुठली बाजू उरली?

सांगायचं तर सरळ सांगतो. आमच्या बाजूला, कर्नाटकात, एका तालुक्याच्या गावी एक संस्था होती, तिच्या मराठी शाळेत मराठी शिकवायची जागा निघाली होती. मी बीए, वर शिकवण्याचं प्रशिक्षण घेतलेला. अंगावर धुतलेला पांढरा सदरा. टेबलामागं पाच माणसं. पहिल्यानं कानडीत नाव विचारलं, गाव विचारलं. मी कानडीत सांगितलं. आमच्याकडं कानडी कुणाला येत नाही? बाजारात भाव करायला, रानात कामाला, बस थांबवायला, भांडायला आम्हाला कानडी पुरून उरतं. मग दुसऱ्यानं खडू पुढं केला आणि म्हणाला, आजचा वार आणि वर्गाचा पट फळ्यावर कानडीत लिहा.

मी खडू घेतला नाही. म्हणालो, “बोलता येतं. लिहिता येत नाही.”

त्यातला एक जण मराठीच होता. तो अगदी गोड आवाजात म्हणाला, “हजेरी कानडीत, वरून तपासणीला कुणी आलं तर अहवाल कानडीत. तुम्ही काय करणार?”

“पोरांना मराठी शिकवणार.”

पाचही जण हसले. दुष्टपणानं नाही हसले, हे लिहून ठेवतो. दुष्टपणानं हसले असते तर परवडलं असतं. लहान मुलानं काहीतरी गंमत केल्यावर हसतात तसे हसले. “शिक्षण कुठं झालं?” “उदगीरला.” “मग तिकडंच बघा की.”

तिकडं बघूनच आलो होतो. उदगीरच्या बाजूला, महाराष्ट्रात, आधीच्या हिवाळ्यात एका शाळेत गेलो होतो. तिथले चेअरमन फार प्रेमानं बोलले. सीमाभागाबद्दल आम्हाला फार आस्था आहे म्हणाले. तुमच्यासारख्या तरुणांनीच तिकडं मराठी जिवंत ठेवली म्हणाले. मग विचारलं, तुमचं गाव आज कुठल्या राज्यात मोडतं? मग तुमच्या सवलती तिकडं, हक्क तिकडं, आमच्या पोरांच्या तोंडचा घास तुम्हाला कसा देणार, तुम्हीच सांगा. आणि चहा पाजला. इकडच्यांनी चहा विचारला नाही, तिकडच्यांनी पाजला. दोन राज्यांत मला दिसलेला फरक एवढाच.

राज्याचं नाव बदलून बरीच वर्षं झाली होती, पण आमच्याकडचे म्हातारे अजूनही लाल बसला ‘म्हैसूरची गाडी’ म्हणायचे. मुलाखत आटपून त्या म्हैसूरच्या गाडीनं मी संतपूरपर्यंत आलो आणि पुढं घराकडं चालत निघालो. उन्हं उतरली तरी जमीन पोळत होती. वाटेत ओळखीचे दोघं-तिघं भेटले. लांबूनच हात वर करून खुणेनं विचारलं, काय झालं? मी मान हलवली. पुन्हा कुणी विचारू नये म्हणून वाट सोडून काढलेल्या तुरीच्या रानातून गेलो. धसकटं पायाला टोचत होती आणि मला ते बरं वाटत होतं.

अप्पा दारातच बसले होते. आमचे अप्पा सडकेच्या गँगवर खडी फोडायचे, टाकायचे. त्यांच्या हाताला कायम डांबराचा वास.

“काय म्हणले?”

“न्हाई म्हणले.”

“कामून?”

“कानडी लिवता येत न्हाई म्हणून. उदगीरला शिकला म्हणून.”

अप्पांनी मान खाली घातली. ती का घातली ते मला कळलं, आणि न कळतं तर बरं झालं असतं. मला उदगीरला त्यांनीच धाडलं होतं.

आमच्या घरची गोष्ट बाहेरच्याला सांगितल्याशिवाय कळायची नाही. आमच्या वस्तीनं धम्म घेतला तेव्हा अप्पा तरणे होते. देव्हाऱ्यातले टाक त्यांनी स्वतः नेऊन नदीत सोडले. मग घरात काय ठेवायचं? उदगीरहून, लातूरहून पातळ पातळ पुस्तिका यायच्या. बुद्ध कोण, पंचशील काय, लग्न कसं लावायचं, माणूस गेल्यावर काय म्हणायचं. सगळं मराठीत. अप्पांना वाचता येत नव्हतं. गँगवरून आल्यावर कंदिलापुढं बसून एकेक अक्षर लावत ते त्या पुस्तिकांवरच वाचायला शिकले. गावातल्या सवर्णांची मराठी पोथीपुराणांतून आली असेल. आमची तिथून आली नाही. आम्हाला माणूस करणारी पुस्तकं मराठीत होती म्हणून मराठी आमची. त्यामुळं मी सातवी झालो आणि मास्तर म्हणाले, पुढच्या गावी कानडी शाळा हाय, हिला-त्याला तिथं घालायलेत, याला बी घाला, तेव्हा अप्पा म्हणाले, “आपलं समदं ज्येच्यात हाय त्येच्यातच ह्यो शिकंल.” आणि मला मामाकडं उदगीरला सोडून आले. शेताच्या मालकांनी आपली पोरं गुपचूप कानडीत घातली. ते हिशेबी लोक. असली चूक आमच्यासारखेच करू शकतात, ज्यांना अक्षर म्हणजे नोकरीच्या आधी काहीतरी मोठं वाटतं.

मी तिला चूक म्हणतो ते आज. त्या वेळी कुणी चूक म्हटलं असतं तर त्याच्या अंगावर गेलो असतो.

कारण तोवर मी पत्रकं लिहायला लागलो होतो. सीमाभागातल्या मराठी शाळांसाठी आमची एक मंडळी होती. मोर्चे, निवेदनं, सभा. उदगीरला पायानं चालवायच्या छापखान्यावर गुलाबी कागदावर आमची पत्रकं निघायची आणि बाजाराच्या दिवशी गावोगाव वाटली जायची. मजकूर बहुतेक माझा. ‘माता-पित्यांनो, आपल्या लेकराला परक्या अक्षराच्या दावणीला बांधू नका.’ हे माझं वाक्य. लोकांना पाठ झालं होतं. माझ्या अंगात लिहिण्याची ताकद आहे असं सगळे म्हणायचे. ताकद होतीच. नोकरी देण्याची नव्हती, एवढंच.

नोकरी नाकारल्यावर सुरुवातीला मी तेच केलं जे मला येत होतं. त्या पाच जणांवर पत्रक लिहिलं. एका बैठकीत लिहिलं. मराठीच्या जागेसाठी मराठी माणसाला कानडीत नापास करणाऱ्यांनो, असं सुरू केलं. वाचून पाहिलं तर झणझणीत झालं होतं. मग लक्षात आलं, हे वाचून लोक टाळ्या देतील, आणि पुढची जागा निघेल तेव्हा हेच पाच जण बसलेले असतील. फाडून टाकलं. परत लिहिलं. परत फाडलं. असे दिवस गेले.

मी घराबाहेर पडेना. वस्तीतली माणसं सकाळी कामाला जायची, मी आतल्या अंगाला पडून राहायचो. माय रानातून यायची, भाकरी टाकायची, ताट पुढं सरकवायची. “खा.” मी दोन घास खायचो. एकदा लाज वाटून मी खुरपायला जातो म्हणालो. ज्याच्या रानात गेलो तो मालक म्हणाला, “अरे तू शिकलेला गडी, तुला कशाला? उगं आमाला पाप.” तो खरंच माझी कीव करत होता का टिंगल करत होता, ते कळलं नाही. परत आलो. शिकलेल्याला शिकल्याचं काम नाही आणि न शिकल्याचंही नाही. विहिरीवर पाणी आणायला जायचो तेव्हा कठड्यावरून आत बघायचं टाळायचो. एवढंच लिहितो. जास्त लिहायची गरज नाही, ज्याच्यावर वेळ आली त्याला कळेल.

त्यातच बहिणीचा निकाल लागला. धाकटी बहीण, गावच्या मराठी शाळेत सातवी पास. गावात शाळा सातवीपर्यंतच. मामाचा उदगीरहून निरोप आला, पोरीला पाठवून द्या, इथल्या हायस्कुलात नाव घालतो, माझ्या पोरींसंगं राहील.

अप्पा म्हणाले, “आयतवारी घेऊन जातो.”

माय तव्यापुढं बसली होती. तिनं वळूनही बघितलं नाही. “ती उदगीरला जायची न्हाई.”

“मग कुठं जायची?”

“कानडी शाळंत.”

“आगं, काय बोलायलीस कळतंय का?”

“मला कळतंय. एक लेकरू त्या वाटंनं घातलं. बारा गावचं पाणी पिऊन परत आलं आन् भिंतीकडं तोंड करून निजायलंय. आता दुसरं बी त्याच वाटंनं घालतावं व्हय?”

मी भिंतीकडं तोंड करून निजलो होतो. तसाच राहिलो.

“कानडीत काय हाय आपलं?” अप्पांचा आवाज चढला. “आपलं एक पुस्तक हाय का त्या अक्षरात? पोरगी बुद्धवंदना कशात वाचंल? मी मेल्यावर काय वाचंल?”

“तुमी मेल्यावर वाचायला तिला जितं ऱ्हावं लागंल की. पोटाला कोण घालतंय? तुमची पुस्तकं?”

अप्पा उठून बाहेर गेले. त्या दिवसापासून घरात बोलणं तुटलं. मायनं त्याच्यापुढं आणखी एक ठरवून टाकलं होतं, ते तिनं मला नंतर सांगितलं: कानडीतही जमलं नाही तर पोरीला घरी बसवायची, आणि घरी बसलेली पोरगी किती दिवस बसते ते आमच्याकडं सगळ्यांना माहीत आहे. औरादच्या बाजूचं एक स्थळ अक्कानं सुचवूनही ठेवलं होतं. तेरा वर्षांची माझी बहीण चुलीमागं बसून हे सगळं ऐकत होती आणि कोळशानं फरशीवर रेघा ओढत होती.

त्याच आठवड्यात आमचे वकीलसाहेब जीप घेऊन वस्तीत आले. वकीलसाहेब म्हणजे आमच्या मंडळीचे पुढारी. उमदा माणूस, तालुक्याच्या गावी वाडवडिलांपासून प्रतिष्ठा, मोर्चात पोलिसांच्या पुढं उभा राहणारा. माझ्यावर त्यांचा जीव होता. ओसरीवर घोंगडं टाकलं, ते बसले. माझ्या नोकरीचं त्यांना कळलं होतं.

“वाईट झालं,” ते म्हणाले. “पण वाया नाही घालवायचं. शाळा सुरू होताच मोठी सभा घेतोय. त्या सभेत तू बोलायचं. मराठी शाळेत मराठी शिकवायला मराठी माणूस नको, हे तू तुझ्या तोंडानं सांग. पत्रक वाचून जे होत नाही ते तुला बघून होईल.” मग बहिणीकडं बघून म्हणाले, “हिला पण आण. एवढा अन्याय होऊनसुद्धा हे घर आपल्या मुलीला मराठीतच शिकवतंय, हे लोकांना दिसू दे. हिचा हार घालून सत्कार करू.”

मला सांगायला लाज नाही: मला बरं वाटलं. कितीतरी दिवसांनी कुणीतरी मला काहीतरी कर म्हणत होतं. माझ्या नापास होण्याचाही काही उपयोग होता. अप्पांचेही डोळे उजळले.

माय चहा घेऊन आली. कप खाली ठेवला आणि पदर सावरून उभी राहिली.

“साहेब, एक इचारू? तुमचा लेक कंच्या शाळंत हाय?”

वकीलसाहेबांनी कप उचलला. “तो... हैदराबादला असतो. आजोळी. तिथं मराठीची सोय नाही ना. इंग्रजीत आहे.”

“बरं हाय,” माय म्हणाली. “पोरगं सुखी ऱ्हावं.”

त्यात टोमणा नव्हता. माय खरंच मनापासून म्हणाली. वकीलसाहेबांनी चहा संपवला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि निघाले. जीपमागं वस्तीतली पोरं पळाली.

मी पुष्कळ वेळ त्या माणसाचा राग करायचा प्रयत्न केला. जमलं नाही. ते ढोंगी नव्हते. त्यांना मराठी शाळा हव्या होत्या, मनापासून हव्या होत्या. फक्त त्या शाळेत बसायला लागणारं लेकरू आमच्याकडून हवं होतं. मोर्चाला सतरंज्या एकाच्या घरून येतात, माणसं दुसऱ्याच्या घरून, तसं. आणि हे मला इतकी वर्षं दिसलं नाही कारण वाक्यं मीच लिहीत होतो.

संध्याकाळी बहीण माझ्या शेजारी येऊन बसली.

“अण्णा, एक इचारू? मारणार न्हाईस न्हवं?”

“इचार.”

“मी उदगीरला शिकले, तुझ्यासारखी बीए झाले, तर मला कुठं घेतेत?”

मी पत्रकवाला. मला उत्तर देता यायला हवं होतं. लढा, हक्क, येणारा काळ, सगळे शब्द होते माझ्याकडं.

“आन् कानडीत शिकले तर?”

“घेतील का, मला म्हाईत न्हाई. पण न्हाई म्हणायला त्यांना दुसरं काय तरी हुडकावं लागंल.”

ती म्हणाली, “मला लगीन न्हाई करायचं.”

दुसऱ्या दिवशी मी तिला घेऊन पुढच्या गावच्या कानडी शाळेत गेलो. अप्पांना सांगितलं नाही, ते गँगवर गेले होते. वाटेत ती माझ्या दोन पावलं पुढं. मी शाळेत जायच्या वयात ह्या शाळेवरून कितीदा गेलो असेन, पण फाटकाच्या आत पाय ठेवला नव्हता.

हेडमास्तर कानडी, धारवाडकडचे, पण इथं राहून राहून मराठी बोलायचे. मला बघून चष्मा वर केला.

“तुम्ही पत्रकं वाटणारे ना?”

“व्हय.”

“आमच्या शाळेच्या दारावर एक चिकटवलं होतं तुमच्या पोरांनी. खळ फार चांगली होती. अजून निघालं नाही.”

मी म्हणालो, “बहिणीला आठवीत घ्या.”

त्यांनी चेष्टा सोडली. बहिणीकडं वळले. “बा, कूड,” म्हणून समोरच्या स्टुलाकडं बोट केलं. ती बसली. मग ते तिच्याशी कानडीत बोलायला लागले. काय करतेस, घरी कोण, गाय आहे का, रानात काय पेरता. बहीण घडाघडा बोलली. कानडी बायकांबरोबर मूग तोडून तोडून तिचं कानडी माझ्यापेक्षा सरस झालेलं. एका ठिकाणी तिनं काहीतरी असं म्हटलं की मास्तर खो खो हसले. मला ते कळलंसुद्धा नाही. मग त्यांनी पाटी दिली. ती पाटी तिनं मांडीवर घेतली आणि तशीच बसली.

“एखादं अक्षर ओळखतेस?”

“गाडीच्या पाटीवरचं ‘बीदर’ ओळखते.”

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. मग माझ्याकडं बघून म्हणाले, “एका शब्दावर आठवी देता येत नाही. इतिहास, भूगोल, विज्ञान, सगळं कानडीत असतं. आठवीत बसवली तर वर्षात घरी जाईल. पाचवीत बसवा. पोरगी हुशार आहे, मध्ये एखादी इयत्ता उडी मारून घेऊ.”

“पाचवीत? सातवी पास झालीय ती, मास्तर. वर्गात पहिली आलीय. पाचवीतली पोरं तिच्या कमरेला लागतील.”

“लागतील.”

माझा आवाज चढला. काय वाटेल ते बोललो. शिक्षण म्हणजे काय, अन्याय म्हणजे काय, आमच्या पोरांनी कितीदा मागं जायचं, जातीनं मागं, भाषेनं मागं, आता इयत्तेनंही मागं. सभेत बोलतो तसा बोललो. मास्तर ऐकत राहिले. शाळेच्या अंगणात खेळणारी पोरं खिडकीशी गोळा झाली. माझा दम संपला तेव्हा ते म्हणाले, “तुम्ही म्हणता ते खरं आहे. पाचवीत घालू का?”

मी बहिणीकडं बघितलं. तिचं तोंड लाल झालं होतं. माझ्या बोलण्यानं झालं होतं, मास्तरांच्या नाही.

“पाचवीत तर पाचवीत,” ती म्हणाली. “घरी न्हाई बसायची.”

परत येताना ओढ्यापाशी ती खाली बसून रडली. मी उभा राहिलो. काय करायचं असतं अशा वेळी मला माहीत नव्हतं. रडून झाल्यावर तिनं तोंड धुतलं आणि म्हणाली, “मायला म्हणू नको रडले म्हणून. मग ती म्हणंल, ऱ्हाऊ दे.”

मायला सांगितलं. ती बोटांवर वर्षं मोजत बसली. “पाचवी. म्हंजी धाव्वीला जाईपतुर केवढी घोडी हुतीया. तवर कोण ठेवतंय तिला शाळंत? तुझे अप्पा? ते तर आता एक आणा देत न्हाईत ह्या कामाला.”

“मी ठेवतो.”

“कशावर?”

ह्या प्रश्नावर सगळं येऊन थांबायचं. कशावर. माझ्याकडं पदवी होती, पत्रकं होती आणि दोन राज्यांचे नकार होते.

संध्याकाळी अप्पा आले. मायनंच त्यांना सांगितलं. मला वाटलं होतं ओरडतील, मारतील. त्यांनी कोनाड्यातल्या पुस्तिका काढल्या, फडक्यानं पुसल्या, परत ठेवल्या. माझ्याकडं बघितलं नाही. मग बहिणीला जवळ घेऊन म्हणाले, “ते शीक. पर हे बी सोडू नको. रोज माझ्यापुढं एक पान वाचायचं.” ती मान हलवून गेली. माझ्याशी मात्र ते एक शब्द बोलले नाहीत. जेवायला बसले तेव्हाही नाही. ज्या पोराला खडीतून वर काढण्यासाठी त्यांनी त्याला परमुलखात ठेवलं, त्या पोरानंच त्यांची वाट मोडली. त्यांचं काय चुकलं?

सकाळी मी त्यांच्या मागं गँगवर गेलो.

मुकादमानं मला ओळखलं. “काय रे, सभा हाय का हितं?” बाकीचे हसले. मी म्हणालो, काम पाहिजे. “तुला?” “मला.” मुकादम अप्पांकडं बघायला लागला. अप्पा हातोडा घेऊन खडीच्या ढिगाकडं वळले होते, त्यांनी मागं वळून बघितलं नाही. त्यांची पाठ बघून मुकादमाला काय वाटलं कुणास ठाऊक. म्हणाला, “टोपली घे. बायकांच्या रांगंत उभा ऱ्हा आधी. हातोडा झेपायचा न्हाई.”

संतपूरच्या सडकेवर डांबराचं काम चाललं होतं. टोपलीतली खडी डोक्यावरून नेऊन ओतायची, परत यायचं. पहिल्या दिवशी मान अशी धरली की ताटात खाली बघता येईना. दुसऱ्या दिवशी तळहाताला फोड आले, ते फुटले. कुणी माझं कौतुक केलं नाही, तसं करण्यासारखं त्यात काही नव्हतंच. बायकांनी सुरुवातीला बीए, बीए म्हणून हाक मारली, मग कंटाळल्या. अप्पा पलीकडच्या ढिगावर. दिवसभर आमच्यात दहा-बारा हातांचं अंतर आणि शब्द एकही नाही. त्यांना लाज वाटत होती. माझी वाटत होती का स्वतःची, ते मी विचारलं नाही. रात्री पडल्यावर मला वाटायचं, हे असंच राहणार. मी पन्नाशीचा होईन आणि माझ्याही हाताला डांबराचा वास येईल. हे वाटणं आजही गेलेलं नाही. ज्यांना ह्या लिहिण्यात आशा बिशा हवी असेल त्यांनी दुसरं काही वाचावं.

शाळा सुरू झाली. बहीण पाचवीत बसायला लागली. पोरं तिला अक्का म्हणायची, काही जण चिडवायची. बाकं छोटी, तिचे गुडघे वर यायचे. ती रोज जात होती. तेवढंच मला पुरे होतं. पुरे म्हणजे, त्याच्यापलीकडं मागायला माझ्याकडं तोंड नव्हतं.

सभेच्या दिवशी दुपारी आम्ही सडकेवरच होतो. वकीलसाहेबांची जीप धुरळा उडवत आली. मागं आमची पोरं, हातात झेंडे, मांडीवर गुलाबी पत्रकांचे गठ्ठे. मला बघून जीप थांबली. मी टोपली खाली ठेवली. वकीलसाहेब खाली उतरले. त्यांनी माझ्या डोक्यावरची चुंबळ बघितली, हात बघितले. त्यांच्या डोळ्यात पाणी आलं, ते मी खोटं म्हणणार नाही.

“अरे, हे काय? तू इथं? आज तुझं भाषण आहे. चल, बस. वाटेत बहिणीलाही घेऊ.”

“बहीण कानडी शाळेत गेलीय.”

“काय?”

“पाचवीत.”

जीपमधल्या पोरांतला एक जण, ज्याला मीच घोषणा शिकवल्या होत्या, हळूच म्हणाला, “घ्या, आपलाच माणूस.” वकीलसाहेबांनी त्याला हातानं थांबवलं. मला म्हणाले, “मग आपण जे लिहीत आलो ते काय?”

“ते खरंच हाय,” मी म्हणालो. “मराठी शाळा मागा. दहावीपतुर मागा, मास्तरासकट मागा. मी बी मागतो. लिहून पायजे असंल तर रात्री लिहून देतो, ह्याच्यापेक्षा कडक देतो. पण माझ्या बहिणीला पुढं करून मागू नका. तुम्हाला शाळा मिळंपतुर ती घरी बसली तर तिचं लगीन हुतंय.”

“तू दमला आहेस. आपण नंतर बोलू.”

“दमलो तर हायच.”

वकीलसाहेब जीपमध्ये बसले. कुणीतरी सवयीनं माझ्याही हातात एक पत्रक दिलं. जीप गेली. धुरळा खाली बसेना. बायका थांबून बघत होत्या, मुकादम लांबून शिवी हासडत येत होता, आणि मी ते पत्रक हातात धरून सडकेच्या मधोमध उभा होतो. हलावं असं वाटत नव्हतं. कुठल्याच बाजूला.

“टोपलं उचल,” मागून आवाज आला. अप्पा होते. “मुकादम बघायलाय.”

मी टोपलं उचललं. त्यांनी दुसऱ्या बाजूनं हात लावला आणि माझ्या डोक्यावर चढवलं.